एकोणचाळिसाव्या भागातली पाने

सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने १७८६ ते १७९४ या काळात 'रॉसिइस्की फेआत्र', म्हणजे 'रशियन रंगभूमी', या नावाने एक नाट्यसंग्रह छापला. रशियन भाषेत जेवढी म्हणून नाटके लिहिली गेली, तेवढी सगळी एका माळेत ओवायची असा बेत होता. माळ ४३ भागांची झाली. यातला ३९वा भाग हाती आला की जाणकार संग्राहक मुखपृष्ठ पाहत बसत नाही, आधी पाने मोजतो. या भागाच्या कित्येक प्रतींतून एक अख्खे नाटक गेलेले असते. ते वाळवीने खाल्लेले नाही आणि बांधणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे सुटलेलेही नाही. सरकारी हुकमावरून ते फाडून काढलेले आहे.

त्या नाटकाचे नाव 'वादिम नोवगोरोद्स्की', म्हणजे नोवगोरोदचा वादिम. लेखक याकोव क्न्याझ्निन. पाच अंकांची, यमकबद्ध पद्यातली ऐतिहासिक शोकांतिका. १७९३ साली ती अकादमीच्याच छापखान्यातून स्वतंत्र पुस्तक म्हणूनही निघाली. प्रती बाराशेंहून थोड्या अधिक. त्या उन्हाळ्यात पुस्तक दुकानात आले, आणि वर्ष सरायच्या आत सिनेटचा हुकूम निघाला की मिळतील तेवढ्या प्रती जप्त करून राजधानीत जाहीरपणे जाळाव्यात. तेव्हापासून ती छोटीशी नाट्यपुस्तिका रशियन दुर्मिळ ग्रंथांच्या यादीत मानाची जागा अडवून बसली आहे.

हुकूम देणारी सम्राज्ञी कॅथरीन दुसरी काही पुस्तकांची वैरीण नव्हती. तिचा व्होल्तेअरशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार होता. दिदरो अडचणीत असताना तिने त्याचे ग्रंथालय विकत घेतले, ते त्याच्याकडेच राहू दिले आणि वर त्यालाच पगारी ग्रंथपाल नेमले. ती स्वतः नाटके लिहीत असे. अशा बाईला जुन्या फ्रेंच वळणाच्या एका शोकांतिकेची एवढी धास्ती का वाटावी? फ्रान्समध्ये क्रांती झाली होती, हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. उरलेले उत्तर माफी या एका शब्दात आहे, आणि त्यासाठी लेखकापासूनच सुरुवात करायला हवी. कारण तो स्वतः माफी मिळालेला माणूस होता.

क्न्याझ्निन मूळचा प्स्कोवचा. शिक्षण पीटर्सबर्गला अकादमीच्या शाळेत झाले. १७६९ साली 'दिदोना' या शोकांतिकेने त्याचे नाव झाले आणि पुढे तो अलेक्सांद्र सुमारोकोवचा जावई झाला. सुमारोकोव म्हणजे रशियन शोकांतिकेची घडी बसवणारा नाटककार. त्याची मुलगी एकातेरिना स्वतः कविता करणारी. जावयाचा हात मात्र सढळ होता. त्याच्या ताब्यातल्या सरकारी पैशांपैकी जवळजवळ ६,००० रुबल त्याने उडवले. १७७३ साली निकाल लागला तो देहदंडाचा. ती शिक्षा सौम्य झाली, पण उमरावी गेली आणि नाटककार साधा शिपाई म्हणून पलटणीत भरती झाला. १७७७ साली सम्राज्ञीने त्याला माफ केले. उमरावी परत मिळाली, कॅप्टनचा हुद्दाही मिळाला.

याच सुमारास त्याने 'टायटसची दया' हे नाटक लिहिले. कथा इटालियन कवी मेतास्तासिओची: रोमचा सम्राट टायटस आपल्या जिवावर उठलेल्या मित्राला माफ करतो. पीटर्सबर्गच्या प्रेक्षकांत टायटस म्हणजे कोण हे न कळणारा कोणी नसावा. एका माफीची परतफेड नाटककाराने दुसऱ्या माफीची स्तुती करून केली.

पुढचा काळ सुखाचा गेला. सम्राज्ञीच्या विश्वासातले इवान बेत्स्कोय यांच्याकडे तो चिटणीस झाला. लष्करी कॅडेट विद्यालयात मुलांना रशियन शिकवू लागला. १७८३ साली नव्या रशियन अकादमीचा सदस्य झाला. १७८७ साली त्याचे साहित्य चार खंडांत निघाले, तेही राजदरबारच्या खर्चाने. परकीय नाटकांतले कथाभाग उचलून रशियन पोशाखात उभे करण्यात त्याचा हातखंडा होता. पुष्किनने पुढे 'येवगेनी ओनेगिन'मध्ये त्याचा उल्लेख केला तोही या उचलेगिरीला चिमटा काढूनच.

एवढ्यावरून त्याला दरबारी भाट ठरवले तर चूक होईल. १७७९ साली रंगभूमीवर आलेल्या त्याच्या 'गाडीपायी ओढवलेली आपत्ती' या विनोदी संगीतिकेत एका जमीनदाराला पॅरिसची नवी घोडागाडी हवी असते आणि त्यासाठी तो आपल्या कुळांपैकी एक लग्नाला आलेला पोरगा फौजेत विकायला निघतो. शेवट गोड होतो, प्रेक्षक हसतात, पण एका गाडीच्या बदल्यात माणूस विकला जातो ही गोष्ट हसून झाल्यावरही घशात अडकून राहते.

आता वादिमकडे वळू. रशियाच्या जुन्या बखरींत अशी कथा आहे की नवव्या शतकात नोवगोरोदच्या भागातल्या टोळ्या आपापसात लढून थकल्या आणि त्यांनी ८६२ साली समुद्रापलीकडच्या वारांगी लोकांना राज्य करायला बोलावले. त्यांच्यातला रूरिक आला आणि त्याच्यापासून रशियन राजघराणे सुरू झाले. सोळाव्या शतकात संकलित झालेल्या निकोन बखरीत ८६४ सालाखाली आणखी एक त्रोटक नोंद आहे. तिचा आशय असा की रूरिकने वादिम नावाच्या शूर पुरुषाला आणि त्याच्या बऱ्याच सल्लागारांना मारले. का मारले, वादिम कोण होता, त्याने काय केले होते, याविषयी बखर गप्प आहे.

बखरीच्या अशा मौनातच नाटककारांचे फावते. त्यात नोवगोरोद हे काही साधे शहर नव्हते. मध्ययुगात तिथे 'वेचे' नावाची नागरिकांची सभा घंटा वाजवून भरे, आणि शहराचा कारभार पाहणारा 'पोसादनिक' तिथे निवडला जाई. १४७८ साली मॉस्कोच्या तिसऱ्या इवानने नोवगोरोद घेतले, तेव्हा त्याने ती घंटा उतरवून मॉस्कोला नेली. शहराचा आवाजच काढून नेला म्हणा ना. अठराव्या शतकातल्या शिकलेल्या रशियनाला नोवगोरोद म्हटले की ती घंटा आठवे. वादिमच्या काळी, नवव्या शतकात, असली सभा होती की नव्हती हा हिशेब नाटक लिहिताना कोणी करत नव्हते.

वादिमला रंगभूमीवर पहिल्यांदा आणले ते खुद्द कॅथरीनने. १७८६ साली तिने रूरिकच्या आयुष्यावर एक ऐतिहासिक नाट्य लिहिले आणि हे शेक्सपिअरचे अनुकरण आहे, रंगभूमीचे नेहमीचे नियम यात पाळलेले नाहीत, असे मथळ्यातच जाहीर करून टाकले. तिचा वादिम हा रूरिकचा नातलग, राज्याची हाव सुटलेला तरुण. तो बंड करतो, हरतो, पकडला जातो. रूरिक त्याला माफ करतो. वादिम विरघळतो आणि आयुष्यभर रूरिकची सेवा करण्याची शपथ घेतो.

बखरीतला रूरिक वादिमला मारतो आणि सम्राज्ञीचा रूरिक त्याला माफ करतो, हा फरक सहज पडलेला नाही. कॅथरीन जन्माने जर्मन. १७६२ साली नवऱ्याला पदच्युत करून ती गादीवर आली होती, आणि प्रजेच्या इच्छेने आपण राज्यभार घेतला असे तिच्या जाहीरनाम्यात म्हटले होते. परदेशातून आलेला, लोकांनी बोलावलेला, मनाने उदार असा रूरिक तिला आपला पूर्वज वाटला तर नवल नाही. अशा राज्यकर्त्यासमोर बंडखोराने करायचे तरी काय? माफी स्वीकारायची आणि कृतज्ञ राहायचे. एक नाटककार नेमके तसेच वागून मोठा झाल्याचे तिने पाहिलेच होते.

तोच नाटककार १७८८-८९च्या सुमारास वादिमवर शोकांतिका लिहायला बसला.

क्न्याझ्निनचा वादिम तरुण राज्यलोभी नाही. तो नोवगोरोदचा सेनानी आणि पोसादनिक आहे, वयाने प्रौढ आहे. दूरच्या मोहिमेवरून तो परत येतो तेव्हा आपले स्वतंत्र शहर एका माणसाच्या हाती गेलेले त्याला दिसते. यादवीला कंटाळलेल्या लोकांनी रूरिकला बोलावले, त्याने भांडणे मिटवली, शांतता आणली, आणि लोकांनी आपण होऊन राजमुकुट त्याच्या डोक्यावर ठेवला. प्रेनेस्त आणि विगोर या दोन साथीदारांना घेऊन वादिम कट रचतो. दोघांचेही त्याच्या मुलीवर, रामिदावर, प्रेम आहे, आणि स्वातंत्र्यासाठी जो पुढे होईल त्याला ती मिळणार असे तो बोलून जातो. रामिदाने मात्र मन रूरिकला दिलेले आहे.

इथवर कथा घासून गुळगुळीत झालेली आहे. प्रेम आणि कर्तव्य यांच्या कात्रीत सापडलेली मुलगी फ्रेंच शोकांतिकांत पैशाला पासरी सापडते. क्न्याझ्निनची करामत वेगळ्या जागी आहे. त्याने रूरिकला वाईट केलेच नाही. त्याचा रूरिक न्यायी, शूर आणि विनम्र आहे. सत्तेचा त्याला मोह नाही, उलट भार वाटतो. जुलमी राजाविरुद्ध बंड केले तर प्रेक्षक ताबडतोब बंडखोराच्या बाजूला जातो आणि नाटकात सोडवायला काही उरत नाही. इथे बंड चांगल्या राजाविरुद्ध आहे. त्यामुळे प्रश्न राजाच्या स्वभावावरून निघून थेट राजेपणावर येतो.

तो प्रश्न क्न्याझ्निन प्रेनेस्तच्या तोंडून विचारतो. आज रूरिक सज्जन आहे हे मान्य, पण अनिर्बंध सत्ता निर्मळातल्या निर्मळ माणसालाही नासवते. ज्याच्या हातून काहीही घडले तरी त्याला जाब विचारणारा कोणी नाही, तो उद्या जुलमी होणार नाही कशावरून? हा या भाषणाचा सारांश. मूळ रशियनमध्ये हा विचार मोजक्या ओळींत येतो आणि त्यातला पहिलाच शब्द 'निरंकुश राजसत्ता' या अर्थाचा आहे. तोच शब्द कॅथरीनच्या सत्तेचे अधिकृत नाव होता. त्या ओळींची पुढे काय गत झाली ते लेखाच्या शेवटी येईल.

कट फसतो. लढाईत साथीदार पडतात, वादिम कैद होतो. पाचव्या अंकात बेड्यांतला वादिम लोकांसमोर उभा केला जातो आणि रूरिक डोक्यावरचा मुकुट उतरवून लोकांना परत देतो. हवे तर तुम्ही पुन्हा स्वतंत्र व्हा, हवे तर हा मुकुट वादिमला द्या, असे तो म्हणतो. लोक गुडघे टेकून रूरिकलाच राज्य करण्याची विनवणी करतात. राजाचा विजय पुरा होतो. रूरिक वादिमपुढे मैत्रीचा हात करतो.

सम्राज्ञीचा वादिम नेमक्या याच जागी विरघळला होता. क्न्याझ्निनचा विरघळत नाही. गुडघे टेकलेल्या लोकांकडे तो तिरस्काराने पाहतो आणि रूरिककडे फक्त आपली तलवार मागतो. बापाला आपल्याविषयी शंका उरू नये म्हणून रामिदा स्वतःला संपवते, आणि तिच्या मागोमाग वादिम. सगळे राज्य पायाशी असलेला राजाही मरायला तयार असलेल्या माणसापुढे खुजा ठरतो, असे सांगून तो मरतो.

हे नाटक राजसत्तेच्या बाजूचे की विरोधातले, यावर रशियन अभ्यासकांनी पुष्कळ वाद घातला आहे. दोन्ही पक्षांना पुरावा मिळतो. कथानकात रूरिक जिंकतो, लोक स्वखुशीने त्याला निवडतात. मन मात्र वादिम जिंकतो. माझ्या मते लेखकाने पारडे मुद्दामच असे समतोल ठेवले आहे. क्न्याझ्निनला माफीची किंमत ठाऊक होती, कारण ती त्याने आयुष्यभर फेडली होती. माफीत मोठेपणा असतो, पण ज्याला ती मिळते तो कायमचा देणेकरी होतो. वादिमला ते देणे नको आहे. हे लिहायला त्या काळच्या रशियात क्न्याझ्निनइतका लायक माणूस दुसरा नव्हता.

१७८९ साली नाटक बसू लागले. प्लाविल्शिकोवसारखा नावाजलेला नट तालमींना होता. एवढ्यात जुलैत पॅरिसच्या जमावाने बास्तिल फोडली आणि त्याच्या बातम्या पीटर्सबर्गला थडकल्या. क्न्याझ्निनने स्वतःच नाटक मागे घेतले आणि हस्तलिखित घरात ठेवून दिले.

तो शहाणपणा केवढा होता हे पुढच्या वर्षी कळले. १७९०च्या मे महिन्यात अलेक्सांद्र रादिश्चेवने 'पीटर्सबर्ग ते मॉस्को प्रवास' हे कुळांच्या हालअपेष्टांवरचे पुस्तक घरच्या छापखान्यात छापून काढले. १७८३च्या उकाझाने, म्हणजे राजाज्ञेने, कोणालाही छापखाना काढण्याची मुभा दिली होती. छापण्याआधी पोलिसांची परवानगी तेवढी लागे. पोलीसप्रमुखाने पुस्तक वाचल्याशिवायच परवानगी देऊन टाकली होती. पुस्तक सम्राज्ञीच्या हाती पडले, तिने ते टिपणे करत वाचून काढले, आणि रादिश्चेवला देहदंड झाला. मग नेहमीप्रमाणे दया आली आणि देहदंडाऐवजी दहा वर्षे सैबेरिया झाला. १७९२ साली प्रकाशक निकोलाय नोविकोव पकडला गेला. त्याच्या वाट्याला श्लिसेलबुर्गच्या किल्ल्यातली १५ वर्षे आली.

क्न्याझ्निन तोवर राहिला नव्हता. १७९१च्या जानेवारीत तो वारला. कागदोपत्री कारण ज्वर. पण त्याचा कॅडेट विद्यालयातला विद्यार्थी सेर्गेइ ग्लिंका याने आठवणींत लिहून ठेवले आहे की 'माझ्या देशाचे दुर्दैव' अशा अर्थाच्या शीर्षकाचा क्न्याझ्निनचा एक लेख अधिकाऱ्यांच्या हाती लागला होता. गुप्त पोलीस खात्याचा प्रमुख शेश्कोव्स्की याच्या चौकशीनंतर तो खचला, अशी कुजबुज होती. पुष्किनने तर तो वेताच्या माराने मेला असेच टिपून ठेवले. या ऐकीव गोष्टी आहेत आणि त्या तशाच घ्याव्यात. पण एखाद्या लेखकाच्या मृत्यूबद्दल असली गोष्ट लोकांना चटकन खरी वाटावी, यातून त्या काळाची हवा कळते.

मागे मुले होती आणि कपाटात अप्रकाशित नाटके. मुलांच्या पालकाने ती पीटर्सबर्गचा पुस्तकविक्रेता इवान ग्लाझुनोव याला विकली. नाव मोठे, नाटक नवे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने सौदा चोख होता. पुस्तक अकादमीच्या छापखान्यात गेले. इथे एक कारभाराची गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. खाजगी छापखान्याचे कागद पोलिसांकडे जात, पण अकादमी आपल्या छापखान्यापुरती स्वतःच मुखत्यार होती. तिथला अधिकारी ओसिप कोझोदाव्लेव याने हस्तलिखित वाचले आणि हरकत नसल्याचे कळवले. अकादमीच्या संचालिका राजकुमारी एकातेरिना दाश्कोवा यांनी छापायला मंजुरी दिली. नाटककाराच्या पोरक्या मुलांना चार पैसे मिळतील, हा विचार त्यामागे होता. शिवाय 'रॉसिइस्की फेआत्र' ही त्यांचीच योजना. सगळी नाटके छापायची तर हे का गाळायचे? अशा रीतीने स्वतंत्र पुस्तकही निघाले आणि ३९व्या भागातही ते बसले.

साल कोणते होते हे मात्र कोणी पाहिले नाही. १७९३च्या जानेवारीत पॅरिसमध्ये सोळाव्या लुईचे डोके उडाले होते. ती बातमी ऐकून कॅथरीन अंथरुणाला खिळली होती.

उन्हाळ्यात पुस्तक विक्रीला आले. 'सांक्त-पेतेरबुर्गस्की मेर्कुरी' या मासिकात क्लुशिन या लेखकाने त्याचे परीक्षण लिहिले. काही महिने सगळे शांत होते. मग कोणीतरी ते दरबारात पोहोचवले. दाश्कोवा आपल्या आठवणींत काउंट इवान साल्तिकोवचे नाव घेतात आणि या गृहस्थाने आयुष्यात एकही पुस्तक वाचले नव्हते, नेमके हेच कसे वाचले, असा टोला हाणतात.

पोलीस अकादमीच्या गोदामावर आले. प्रती उचलल्या गेल्या. ३९व्या भागाची अडचण अशी की एकाच बांधणीत इतर निरुपद्रवी नाटकेही होती. सगळा भाग जाळावा तर अकादमीचे नुकसान होणार, म्हणून 'वादिम'ची पाने तेवढी फाडून घेण्याचे ठरले. ज्या संस्थेचे काम पुस्तके जपण्याचे, तिच्याच गोदामात बसून पुस्तके फाडण्याचा प्रसंग आला.

दाश्कोवा आणि कॅथरीन यांची या प्रकरणावरून समोरासमोर गाठ पडली. या दोघींचा स्नेह तीस वर्षांचा होता. १७६२च्या उठावात कॅथरीनच्या बाजूने धावपळ करणाऱ्यांत दाश्कोवा होत्या, तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. आठवणींत त्यांनी लिहिले आहे त्याप्रमाणे, तुमचे मी काय वाकडे केले म्हणून असली पुस्तके छापता, असे सम्राज्ञीने विचारले आणि हे पुस्तक जल्लादाच्या हातून जाळण्याची भाषा केली. दाश्कोवांनी उत्तर दिले की जल्लादाने जाळले तर शरमेची वेळ माझ्यावर येणार नाही. आधी नाटक वाचा, मग बोला, असेही त्यांनी सुचवले. राजवाड्याच्या एर्मिताज रंगमंचावर ज्या फ्रेंच शोकांतिका होतात त्यांच्यापेक्षा यात राजाला धोका कमीच आहे, हा त्यांचा युक्तिवाद होता.

युक्तिवाद खरा होता. व्होल्तेअरचा ब्रूटस राजसत्तेविरुद्ध वादिमपेक्षा कमी बोलत नाही. पण ब्रूटस रोमन होता आणि फ्रेंचमध्ये बोलत होता. वादिम रशियन होता, रशियनमध्ये बोलत होता, आणि ज्या रूरिकचा वारसा रशियन गादी सांगत होती त्यालाच जाब विचारत होता. त्यातून सम्राज्ञीने सात वर्षांपूर्वी आपल्या नाटकात याच वादिमला माफ करून गप्प बसवले होते. तिने माफ केलेल्या माणसाने तिने माफ केलेल्या पात्राला पुन्हा बोलते केले, आणि ते पात्र आता माफी झिडकारत होते. कॅथरीन लेखिका होती. हे उत्तर आपल्याच नाटकाला आहे, हे तिच्या ध्यानात आले नसेल असे मला वाटत नाही.

२४ डिसेंबर १७९३ रोजी सिनेटने हुकूम काढला. निरंकुश राजसत्तेविरुद्ध उद्धट आणि विषारी मजकूर असलेले हे पुस्तक जाहीरपणे जाळावे. महाअभियोक्ता सामोइलोव याने चौकशी चालवली. ग्लाझुनोवला जबाब द्यावा लागला, मुलांच्या पालकालाही द्यावा लागला. विकल्या गेलेल्या प्रतींचा मॉस्कोपर्यंत माग काढला गेला. शिक्षा मात्र माणसांना फारशी झाली नाही. लेखक केव्हाच हाताबाहेर गेला होता. ग्लाझुनोवची पेढी पुढेही भरभराटीला आली. नाटकाला हिरवा कंदील दाखवणारा कोझोदाव्लेव तर अलेक्सांद्र पहिल्याच्या काळात गृहमंत्री झाला. दाश्कोवा १७९४ साली रजा घेऊन राजधानीतून निघून गेल्या आणि अकादमीच्या कारभारात परतल्या नाहीत. १७९६च्या सप्टेंबरात खाजगी छापखान्यांची मुभा काढून घेण्यात आली आणि सेन्सॉरच्या कचेऱ्या बसवण्यात आल्या. दोन महिन्यांनी कॅथरीन वारली. माणसांना कमीअधिक माफी मिळाली, पुस्तकाला मिळाली नाही.

पुस्तक जाळणे हे दिसते तेवढे सोपे काम नसते. दुकानातल्या आणि गोदामातल्या प्रती सापडतात, पण सहा महिन्यांत जी घरोघर गेली ती कुठून आणणार? दिवाणखान्यातल्या कपाटातली, गावच्या वाड्यावर उन्हाळ्यात वाचायला नेलेली, मित्राने मागून नेऊन परत न केलेली, अशा प्रती राहून गेल्याच. म्हणून आज 'वादिम'ची १७९३ची आवृत्ती तीन रूपांत भेटते. एक, स्वतंत्र पुस्तिका, ही आगीतून निसटलेली. दुसरी, ३९व्या भागाची पाने शाबूत असलेली प्रत. ती बहुधा हुकमाआधीच कोणी विकत नेलेली असणार. आणि तिसरी, पाने फाडलेला ३९वा भाग. संग्राहक पहिल्या दोन्हींसाठी जीव टाकतात. इतिहासाच्या वाचकाला तिसरीही तितकीच मोलाची वाटावी, कारण तिच्यातल्या रिकाम्या जागेवर सिनेटच्या हुकमाचीच मोहर आहे.

छापील प्रत दुर्मिळ झाली तशी हाताने केलेल्या नकला फिरू लागल्या. एका पिढीने उतरवून घेतले, दुसरीने पाठ केले. पुष्किनने १८२०च्या दशकाच्या आरंभी दक्षिणेत हद्दपारीत असताना वादिमवर शोकांतिका लिहायला घेतली, ती अपुरी राहिली. कोंद्राती रिलेयेव या कवीनेही वादिमवर कविता सुरू केली, तीही अपुरीच राहिली. डिसेंबर १८२५च्या उठावातला तो एक पुढारी. १८२६च्या जुलैत त्याला फाशी झाली. १८३१च्या सुमारास कोवळ्या लेर्मोंतोवने वादिमला स्वातंत्र्याचा शेवटचा पुत्र म्हणून पुन्हा उभे केले. सम्राज्ञीचा माफी मिळून सुधारलेला वादिम आज फक्त अभ्यासकांच्या तळटीपांत उरला आहे. कवींना हवा होता तो क्न्याझ्निनचा.

१८६२ साली रशियाच्या सहस्रकाचा उत्सव झाला. रूरिकच्या आगमनाला हजार वर्षे झाली म्हणून नोवगोरोदच्या किल्ल्यात मिकेशिनच्या आराखड्याचे भव्य स्मारक उभे राहिले. त्यावर ढाल घेतलेला रूरिक आजही दिमाखात उभा आहे. त्या दिवशी झार दुसरा अलेक्सांद्र जातीने हजर होता, आणि वर्षभरापूर्वीच त्याने कुळांची गुलामगिरी रद्द केली होती. 'वादिम' मात्र तेव्हाही बंदच होते.

आणखी नऊ वर्षांनी, १८७१ साली, प्योत्र येफ्रेमोव या संशोधकाने 'रूस्काया स्तारिना' या ऐतिहासिक मासिकात ते नाटक पुन्हा छापले. पाचही अंक छापले. वादिमची गर्जना, रूरिकचे औदार्य, शेवटच्या दोन आत्महत्या, सगळे आले. तिसऱ्या नेपोलियनची गादी गेलेली होती, पॅरिसमध्ये कम्यून उसळून गेले होते, आणि जुन्या शोकांतिकेतल्या तलवारींची धास्ती आता कोणाला उरली नव्हती. फक्त प्रेनेस्तच्या भाषणातल्या, अनिर्बंध सत्ता सज्जनालाही नासवते असे सांगणाऱ्या चार ओळी येफ्रेमोवला गाळाव्या लागल्या.

त्या चार ओळींसकट अख्खे नाटक रशियात पुन्हा छापले गेले ते १९१४ साली, मॉस्कोत, साहित्याचे अभ्यासक सावोद्निक यांच्या संपादनाखाली. फाडलेली पाने परत यायला १२१ वर्षे लागली.